चार चाकांचे चार ओटे

हुरड्याचे दिवस आले की माझे दोन्ही हात काळे होतात. डावा राखेनं, उजवा ग्रीसनं. गोवऱ्यांच्या आरातून कणीस काढायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, कोवळे दाणे तोंडात टाकायचे, वरून लसणाची चटणी, आणि हात पँटला पुसून परत गाडीखाली. आमचे आबा दरवर्षी ओरडतात, "सुमे, हात तरी धू आधी." मी म्हणते, "तुम्ही जलमभर सिमेंटच्या हातानं भाकरी खाल्ली, तवा?" मग ते तोंड फिरवतात. पण हसू आलेलं दिसतं मला.

यंदाही गारठा वेळेवर आला. पैठण रोडवर सकाळी शटर वर करताना पत्रा हाताला चावतो. पलीकडच्या वावरात ज्वारी हुरड्यात आलीय, कुणीतरी डबा वाजवून पाखरं हाकलतंय, चहावाल्याच्या शेगडीभोवती मफलर गोळा झालेत. आणि माझ्या वर्कशॉपपुढं ठेंगण्या, चकचकीत, दोन दारांच्या गाड्या उभ्या राहायला लागल्यात. त्या गाड्यांना थंडीची आवड नसते, त्यांच्या मालकांना हुरड्याची असते. शहरात नोकऱ्या, कारखाने, बंगले सगळं झालं तरी रविवारी पाहुणे घेऊन गावाकडच्या वावरात जायचंच असतं, आणि तेही हौसेच्या गाडीतून. मोठ्या शहरांत लोक असल्या गाड्या अजून खाली बसवून घेतात म्हणे. आमच्याकडं वर उचलायला आणतात. चितेगावाच्या अलीकडचे स्पीड ब्रेकर आणि वावराची गाडीवाट, दोघांनाही गाडीच्या किमतीशी काही देणंघेणं नाही.

गाडीची उंची बसवणं म्हणजे माझा हातखंडा. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण ते खरं आहे. प्रत्येक चाकाच्या आत शॉकअप असतो, त्याच्यावर स्प्रिंग, आणि चांगल्या गाडीत त्या स्प्रिंगखाली आट्यांची एक कडी. कडी वर फिरवली की तो कोपरा उचलतो, खाली फिरवली की बसतो. एवढंच. पण चार कोपरे म्हणजे चार जावा. एकीला हात लावला की उरलेल्या तिघींना कळतं.

हे शिकले मी उस्मानपुऱ्यात, उस्तादांच्या गॅरेजात. नाव होतं त्यांना, पण कुणी घेत नसे, सगळ्यांचे ते उस्तादच. पहिल्या दिवशी मी जॅकवरून गाडी उतरवली आणि लगेच पट्टी घेऊन मोजायला वाकले, तर पाठीवर चिंधी बसली. "ए बेटी, अब्बी नापती क्या? हवा में से उतरी है वो. रूठ के बैठी है. मनने दे उसकू." मग त्यांनी गाडी हातभर पुढं ढकलली, हातभर मागं, बॉनेट दोन्ही हातांनी दाबलं, मागं जाऊन डिकी दाबली, आणि म्हणाले, "हां. अब पूछ." चाकं जॅकवर लोंबली की फाकतात, जमिनीवर लगेच नीट बसत नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याच गाडीला ती रुसलेली असताना काही विचारलेलं नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हे भान अजून राहत नाही.

बाईमाणूस गाडीखाली झोपलेली बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. दोन ठिकाणी मला कामावरून काढलं, एकदा 'गिऱ्हाईक बिचकतात' म्हणून, एकदा काही न सांगताच. मी रडत बसले नाही. रडले, पण बसले नाही. मग उस्ताद म्हणाले, आता स्वतःचं टाक. आणि आबा म्हणाले, "फरशी मी करणार."

आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आबांनी काठी ठेवून थापी धरली, मी थापी ओलांडून पाना धरला. आबा गवंडी, त्यातही कोब्याचे, म्हणजे सिमेंटच्या फरशीचे. भिंत कुणीही रचतं, असं ते अजून म्हणतात. फरशीला ढाळ देणं हे काम. सांडलेलं पाणी आपल्या पायांनी मोरीपर्यंत चालत गेलं पाहिजे, वाटेत कुठं टेकलं नाही पाहिजे. माझ्या वर्कशॉपचा कोबा त्यांनी एकट्यानं घातला. मदतीला माणूस देते म्हटलं तर रागावले. शेवटी गुडघ्यांवर बसून थापीनं घोटत घोटत ते मागं सरकत गेले आणि शटरबाहेर आले तेव्हा फरशीत त्यांचा लेंगा दिसत होता, इतकी ती चकाकत होती. आतल्या डाव्या कोपऱ्यात जाळी. चारी बाजूंनी ढाळ त्या जाळीकडं. पाणी मारायचे दिवस संपले तसे त्यांनी गल्लीतले तीन गवंडी बोलावले, बादली ओतली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. पाणी सरळ जाळीत. एक म्हातारा खाली वाकून फरशीला हात लावून म्हणाला, "थेंब न्हाय राह्यला, भाऊ." घरी जाताना आबा वाटेत भेटेल त्याला थांबवून रामराम करत होते.

त्याच हिवाळ्यात सर्जेरावकाका ती लाल गाडी घेऊन आले.

काका पैठणच्या बाजूचे, बागायतदार, शहरात दोन दुकानं, साठी उलटलेली. हौसेनं जुनी स्पोर्ट्स कार घेतलेली. गाडीतून उतरताना एक हात दारावर, एक गुडघ्यावर, आणि तोंडातून "आई गं". शेजारच्या सीटवर काकू. त्या उतरल्याच नाहीत. आतूनच म्हणाल्या, "पोरी, हिला जरा वर घे बाई. एवढी बुटकी गाडी! बसावं का हिच्या पाया पडावं, तेच कळंना." काका म्हणाले, "रविवारी वावरात हुरडा हाय, सगळं गणगोत येणार. हिलाच घेऊन जायचं मला, हिच्यातच. गाडीवाटंला खाली घासली नाय पायजे, बस."

माझ्या स्वतःच्या शटरखाली आलेली ती पहिली मोठी गाडी. समोर चहावाला, त्याच्या बाकड्यावर रोजचे चार पंच. नीट झालं तर पैठण रोडभर नाव, बिघडलं तर त्याच बाकड्यावरून शटरला कुलूप. हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी जीव लावून काम केलं. आबांच्या सेंट्रिंगच्या फळ्यांवर गाडी चढवली, कारण जॅक खाली शिरेना. चारी टायरची हवा सारखी केली. काका गाडीत बसलेत असं समजून सीटवर गोधडी टाकून सिमेंटची अख्खी गोणी ठेवली, वर ज्वारीचं गाठोडं. काकांचं पोट धरायला नको? चारी कड्या सारख्या फिरवून गाडी इंचभर उचलली. मनवली. मग जमिनीपासून दाराखालच्या उंबऱ्यापर्यंत चारी कोपऱ्यांना पट्टी लावली. मागचे दोन जवळजवळ सारखे. पुढचा उजवा बरोबर. पुढचा डावा मात्र वर, चांगला बोटाच्या पेराएवढा.

आणि मी हसले. हो, हसले. म्हटलं, बघा, आधीच्या मिस्त्रीनं वाकडी बसवलेली गाडी, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. डावी कडी खाली फिरवली. मनव, मोज, फिरव, मनव, मोज. संध्याकाळपर्यंत चारी कोपरे केसाच्या फरकानं जुळले. काकांना मी पट्टी लावून दाखवलं. समोरच्या बाकड्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अकरालाच काका परत. डाव्या बाजूच्या बंपरखालची काळी पट्टी चितेगावाच्या स्पीड ब्रेकरवर सोलून निघालेली. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, डावीकडं वाकून चालतीया. अन् ब्रेक दाबला का उजवीकडं वढती. आधी असं नव्हतं व्हत गं." बाकड्यावरून कुणीतरी पुरेशा मोठ्यानं म्हणालं, "लंगडी केली वाटतं पोरीनं." मी पट्टी आणली, गाडी आत घेतली, मोजली. चारी कोपरे जुळलेले! पट्टी खोटं बोलत नव्हती, रस्ता खोटं बोलत नव्हता, आणि मला घाम फुटलेला, त्या थंडीत.

मी उस्तादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये पानाची पिंक टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गाडी कू पलटा के देख. ऐब गाडी के संग चला तो गाडी का. वहींच ठैरा तो जगा का."

गाडी इंचभर उचललेलीच ठेवली, पण त्यानंतर फिरवलेल्या कड्या मी मोजून परत सारख्या केल्या. नाक आत करून मोजली: पुढचा डावा वर. मग गाडी बाहेर काढली, फिरवली, शेपूट आत करून घेतली आणि मोजली. आता पुढचा डावा अगदी शहाण्यासारखा. वर होता मागचा उजवा. गाडी फिरली होती, ऐब जागचा हलला नव्हता. तो आतल्या डाव्या कोपऱ्यात बसला होता, जाळीजवळ.

मी तिथं फरशीवर बसून राहिले. आबांचा ढाळ! त्या कोपऱ्यात चाक खाली जात होतं, म्हणून तिथला उंबरा जमिनीपासून उंच दिसत होता, आणि मी शहाणी त्या सरळ गाडीला वाकडं करून सरळ म्हणत होते. जी फरशी बघायला माणसं आली होती, जिच्यावर थेंब टिकत नव्हता, तिच्यावर गाडी मोजताच येत नव्हती. काकांना काय सांगायचं ते कळत होतं. आबांना काय सांगायचं ते कळत नव्हतं.

आजही ती दुपार आठवली की मला माझीच लाज वाटते, कारण मी लपवाछपवी केली. भंगारातून पत्र्याचे तुकडे आणले, कापले, एकावर एक रचून त्या कोपऱ्यातल्या चाकाखाली सरकवले. गाडी ढकलली की पत्रे सरकायचे, खडखड वाजायचे. तिसऱ्यांदा रचत होते आणि शटरमधून सावली पडली. आबा, हातात डबा.

"हे काय?"

"काय न्हाय आबा. जरा…"

ते आत आले. डबा खाली ठेवला. पत्रे बघितले, चाक बघितलं, मग जाळी बघितली. त्यांना समजावून सांगायची वेळच आली नाही. गवंड्याच्या डोळ्याला पेरभर ढाळ म्हणजे डोंगर.

"माझ्या फरशीवर पत्रे लावती व्हय?"

"आबा, फरशी चांगलीच हाय. पण गाडी मोजायला सपाट लागती."

"मग सांगितलं का न्हाई?" आवाज चढला. "तू म्हणली, गॅरेजाची फरशी. म्या समजलो, धुवायची. मोजायची फरशी म्हणली असती तर म्या पाण्यागत सपाट केली असती! तोंड नव्हतं व्हय तुला?"

होतं की. पण मलाच कुठं माहीत होतं? उस्तादांच्या गॅरेजात जुनी शहाबादी फरशी, ती सपाटच होती. सपाट जागा लागते हे मला कुणी वेगळं शिकवलंच नाही, जसं कुणी श्वास घ्यायला शिकवत नाही. आबा डबा तसाच टाकून निघून गेले.

मी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, चूक तुमच्या गाडीची न्हाई, माझी हाय. मला आठ-दहा दिवस द्या. रविवारी नाही जमायचं." हुरडा काही कुणासाठी थांबत नाही, दाणा कडक झाला की संपलं, हे शेतकरी माणसाला मी काय सांगणार. मागून काकूंचा आवाज आला, "काय म्हणती ती?" काकांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "चूक माझी म्हणली? तोंडानं? मग द्या तिला दिवस. तुम्ही चाळीस वर्सांत एकदा न्हाई म्हणला." आणि काका हसत म्हणाले, "खालच्या तुकड्यात मागास पेरा हाय, ताई. त्याचा हुरडा पुढल्या पंधरवड्यात. पण मग मातर गाडी चालली पायजे."

फोन ठेवला तर आबा दारात. खांद्यावर लेव्हलची नळी, हातात छिन्नी-हातोडा, पाटीत वाळू.

लेव्हलची नळी म्हणजे काही यंत्र नाही. बोटाएवढी जाड पारदर्शक नळी, तीत पाणी. एक टोक इथं धरायचं, एक तिथं. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. मी लहान असताना आईसोबत बांधकामावर जायचे तेव्हा माझं काम हेच होतं, एक टोक धरून उभं राहायचं आणि हलायचं नाही. आबांनी नळीतला बुडबुडा टिचकीनं घालवला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. अजून रुसलेलेच होते. मीही विचारलं नाही.

चार चाकांच्या चार जागा खडूनं आखल्या, गाडी ढकलायला जागा राहील अशा लांबट. तिथं चार छोटे ओटे चढवायचे, पण आधी टाचे मारायचे होते. जुन्या कोब्यावर नवा माल धरत नाही, त्याला आधी छिन्नीनं खडबडीत करावं लागतं. त्या चकचकीत फरशीवर. मी म्हटलं, "आबा, मी मारते." ते म्हणाले, "तुला येत न्हाई. इद्रूप करशील." पहिला घाव त्यांनीच घातला. डोळे मी मिटले, त्यांनी नाही.

जाळीजवळचा ओटा सगळ्यात जाड, समोरचा सगळ्यात पातळ, चारींची पाठ मात्र एका पाण्यात, एकाच उंचीला. कडा उतरत्या, चाक सहज चढावं म्हणून. आणि ओट्यांच्या मधून आबांनी आपला ढाळ जसाच्या तसा सोडला. मी म्हटलं होतं, सगळीच फरशी सपाट करून टाका. तर म्हणाले, "अन् पाणी कुठं जाईल? तुझ्या गाडीपायी म्या पाण्याची वाट मोडू?"

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ओट्यांवर ओलं पोतं. बाकड्यावरचे पंच विचारायचे, "काय ताई, गाड्या सोडून फरशीच बघता का?" मी म्हणायचे, "व्हय, आमचा खानदानी धंदा हाय."

अकराव्या दिवशी काकांची गाडी ओट्यांवर चढली. गोधडी, सिमेंट, ज्वारी. मनवली. चारी कड्या सारख्या होत्या, पट्टी लावली, आणि मागचे दोन सारखे, पुढचे दोन सारखे. काही करायचं उरलंच नव्हतं. ती गाडी पहिल्यापासून सरळ होती, बिचारी. मी बंपरची पट्टी तेवढी स्वतःच्या पदरची नवी लावून दिली. त्या रविवारी काकांचा वावरातून फोन आला, मागं गलका, भांडी, पोरं. "घासली न्हाई, वढली न्हाई! तुझी काकू म्हणती, आता उतरायचं कसं ते बी शिकव." संध्याकाळी गाडीतून कापडात बांधलेला हुरडा आला. आबांनी चटणीबरोबर खाल्ला. खाता खाता म्हणाले, "मागास हाय, पण कवळा हाय." एवढ्यावर त्यांचा रुसवा गेला.

आता दर हिवाळ्यात गाड्या येतात, लांबून येतात. फर्दापूरच्या एका हॉटेलवाल्याची निळी येते, डॉक्टरांच्या दोन येतात. नवीन माणूस आधी गाडी बघतो, मग मला बघतो, मग खाली ते चार ओटे बघतो आणि विचारतो, हे काय. मी सांगते. दर वेळी थोडं जास्तच सांगते. संध्याकाळी बादली ओतते तेव्हा पाणी चारी ओट्यांच्या कडेनं वळसे घेत जाळीत जातं आणि ओटे वर कोरडे राहतात. उगाच ओतते कधीकधी. बघायला.

परवा एक इंजिनिअर आला होता, स्वतःची गाडी घेऊन. त्याच्याकडं लाल उजेडाची लेव्हल होती. ओटे बघून त्याला गंमत वाटली, म्हणाला, "मॅडम, चेक करू?" मी म्हटलं, करा. त्यानं चारी ओट्यांवर उजेड पाडला, पट्टी लावली, परत लावली. मग म्हणाला, "हे कुणी केलं? कशानं?" मी म्हटलं, "माझ्या वडलांनी. नळीनं. लई वर्षं झाली." तो म्हणाला, "सगळ्यात मोठा फरक एक मिलिमीटर आहे. इतक्या वर्षांनी." मला रडू आलं ते मी शिंकेत घालवलं.

घरी जाऊन आबांना सांगितलं. आता वय झालंय, गुडघे गेलेत, थापी ठेवलीय. उन्हात बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "आबा, मशीन लावली माणसानं. चार ओट्यांत मिळून एक मिलिमीटरचा फरक निघाला, एक!" मला वाटलं, हसतील. शेजारच्यांना हाक मारतील.

आबा सरळ होऊन बसले. "कोन्त्या ओट्यात?"

सकाळी मी शटर उघडायच्या आधी रिक्षातून उतरून ते तिथं उभे होते. खांद्यावर नळी, खिशात पॉलिशचा दगड. मी शटर वर केलं. त्यांना दंडाला धरून उजव्या मागच्या ओट्याजवळ बसवलं, त्यांनी हातानं चाचपलं, दगड ओला केला आणि घासायला लागले. समोरचं बाकडं बघत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी नळीचं एक टोक माझ्याकडं केलं. मी ते धरलं, लहानपणी धरायचे तसं, दोन्ही हातांनी, श्वास रोखून.

"बघ," आबा म्हणाले, "हालतंय का?"

"न्हाई, आबा. थांबलं."